दुसरे ग्राफिक्स कार्ड: वेग थोडा, उष्मा फार

परीक्षा संपत आल्या की घरोघरी कॉम्प्युटरचा विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला गेम खेळता येईल असा, पुढे इंजिनीअरिंगला किंवा अॅनिमेशनच्या कोर्सला उपयोगी पडेल असा ‘असेंबल’ केलेला कॉम्प्युटर हवा असतो. दुकानदार कोटेशन देतो आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा बहुधा ग्राफिक्स कार्डाचा असतो. मग कोणीतरी सुचवते: एक महागडे नवे कार्ड घेण्यापेक्षा दोन स्वस्त किंवा जुनी कार्डे जोडली तर? किंवा घरात एक आहेच, त्याला जोडीदार म्हणून तसलेच दुसरे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले तर? एक अधिक एक दोन, हा हिशेब पटण्यासारखा वाटतो.

यंदा हा प्रश्न जास्त टोकदार झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून घरगुती कॉम्प्युटरची मेमरी महागली. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉन या बड्या कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच. त्यामुळे जुन्या कार्डांच्या जोडीचा मोह वाढणे साहजिक आहे. पण गेम खेळण्यासाठी दोन कार्डे जोडण्याचा काळ आता संपला आहे. परभणीसारख्या उष्ण जिल्ह्यात तर या जोडीची किंमत पैशांबरोबरच उष्म्यात, विजेत आणि झोपेतही मोजावी लागते.

कार्ड करते काय?

साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. गेममध्ये पात्र हलले, सावली सरकली, पाणी चमकले की यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग नव्याने काढावा लागतो. चित्र डोळ्यांना सलग वाटावे यासाठी हे काम सेकंदाला किमान ६० वेळा व्हावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे एका चित्रासाठी कार्डाला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर गेमचे नियम आणि हालचाली सांभाळतो, रंगकाम ग्राफिक्स कार्ड करते. कार्डाच्या चिपमध्ये हजारो छोटे गणकयंत्री भाग एकाच वेळी राबत असतात.

एका कार्डातच हजारो भाग मिळून काम करतात, तर दोन कार्डे मिळून का करू नयेत, असे कोणीही विचारेल. प्रयत्न झाला आणि काही वर्षे तो बऱ्यापैकी चाललाही. १९९८मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू २’ कार्डांची जोडी लावता येत असे. पडद्यावरच्या एका आड एक ओळी दोघांत वाटलेल्या असत. पुढे या कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४मध्ये ‘एसएलआय’ या नावाने जोडी पुन्हा आणली. २००५मध्ये एटीआयने ‘क्रॉसफायर’ आणले. त्या काळात दोन कार्डांचा कॉम्प्युटर हा गेम खेळणाऱ्यांच्या प्रतिष्ठेचा विषय होता.

नंतर उतरण लागली. २०१६मध्ये एनव्हिडियाने तीन-चार कार्डांचा नाद सोडून दोनवर भर दिला, तोही महागड्या मॉडेलांपुरता. त्या वर्षीच्या १०७० आणि १०८० या कार्डांना जोडणी होती, स्वस्तातल्या १०६०ला नव्हती. २०२०मध्ये आलेल्या पिढीत फक्त सर्वांत महाग ३०९०ला ती उरली. १ जानेवारी २०२१पासून जुन्या कार्डांच्या जोडीसाठी नव्या गेमची जुळवणी ड्रायव्हरमधून पुरवणे कंपनीने बंद केले. २०२२च्या ४०९०वर तर जोडणीची जागाच राहिली नाही. आज दुकानात मिळणारे मध्यम किमतीचे कार्ड घेऊन त्याला गेमसाठी जोडीदार लावायचा म्हटले, तर बहुतेक वेळा ते शक्यच नसते.

सरासरी फसवते

हे बंद का पडले? दोन कार्डांत काम वाटण्याची नेहमीची रीत अशी होती: पहिले चित्र एका कार्डाने काढायचे, दुसरे दुसऱ्याने, तिसरे पुन्हा पहिल्याने. कागदावर वेग जवळजवळ दुप्पट. पण चित्रे समान अंतराने पडद्यावर येतातच असे नाही.

एसटीचे उदाहरण घेऊ. परभणीहून नांदेडला तासाला दोन गाड्या सुटतात असे समजा. म्हणजे सरासरी अर्ध्या तासाला एक. पण दोन्ही गाड्या पाच मिनिटांच्या अंतराने सुटल्या आणि मग पंचावन्न मिनिटे काहीच नसेल, तर स्टँडवरच्या प्रवाशाला त्या सरासरीचा उपयोग काय? दोन कार्डांच्या जोडीत नेमके हेच होई. सेकंदाला ८० चित्रे असा आकडा दिसे, पण दोन चित्रे लागोपाठ येत आणि मग बारीक खंड पडे. डोळ्यांना चित्र अडखळल्यासारखे वाटे. या दोषाला ‘मायक्रो स्टटर’ असे नाव पडले होते.

दुसरी अडचण नव्या गेमच्या बांधणीत आहे. आजचे गेम चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या चित्रातली माहिती वापरतात. मागचे चित्र दुसऱ्या कार्डावर असेल, तर ती माहिती आधी इकडे आणावी लागते, आणि १७ मिलिसेकंदांच्या हिशेबात तेवढी वाट पाहणे परवडत नाही. त्यातच ‘डायरेक्टएक्स १२’ या मायक्रोसॉफ्टच्या नव्या प्रणालीत दोन कार्डांची सांगड घालण्याची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर आली. दोन कार्डे असलेले ग्राहक मोजकेच, मग त्यांच्यासाठी वेगळे काम कोण करणार?

तिसरा गैरसमज मेमरीचा. ८ जीबीची दोन कार्डे लावली म्हणजे १६ जीबी मिळाले, असे गेममध्ये सहसा होत नाही. दोन्ही कार्डांना त्याच दृश्याचे काम करायचे असल्याने दोघांकडेही तीच माहिती ठेवावी लागते. दोन भावांनी एकच पाठ्यपुस्तक दोनदा विकत घेतले, म्हणून अभ्यासक्रमाची पाने वाढत नाहीत.

शिवाय साध्या मदरबोर्डावर दुसऱ्या कार्डाची जागा दिसली, तरी तिथला माहितीचा रस्ता बऱ्याचदा अरुंद असतो. महागड्या बोर्डावर तो दोघांत निम्मा निम्मा वाटला जातो. म्हणजे स्वस्त जोडीसाठी बोर्ड महागाचा घ्यावा लागतो आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

पुण्यात जमते ते घरात का नाही?

इथे एक रास्त शंका येते. महासंगणक तर अनेक प्रोसेसर जोडूनच बनतात. पुण्यात १९८८मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तो छोटे छोटे प्रोसेसर एकत्र राबवूनच. पुण्यातच उभारलेला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२०मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३व्या क्रमांकावर होता, आणि त्यात एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपचीच फौज आहे. मग तिथे जमते ते घरात का जमू नये?

उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. कापूस वेचायला एकाऐवजी दहा माणसे लावली, तर काम जवळजवळ दहापट लवकर उरकते, कारण प्रत्येकाची ओळ वेगळी असते. हवामानाचा अंदाज बराचसा असाच आहे. मे २०२५मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ देशाचा नकाशा सहा-सहा किलोमीटरच्या चौकटींत विभागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला ‘अर्का’ हा महासंगणक त्या चौकटी आपल्या असंख्य प्रोसेसरांत वाटून देतो. शेजारच्या चौकटींना एकमेकांशी बोलावे लागते, पण त्यासाठी अतिवेगवान जोडणी असते. शिवाय अंदाज काही तासांत मिळाला तरी चालते.

गेममध्ये मात्र खेळणाऱ्याने बटण दाबल्यावर काही मिलिसेकंदांत चित्र बदलले पाहिजे, आणि पुढचे चित्र मागच्यावर अवलंबून असते. पोथीची पाने दोघांनी आळीपाळीने वाचली, म्हणून ऐकणाऱ्याची पोथी निम्म्या वेळात संपत नाही.

म्हणूनच काही कामांना दोन कार्डे आजही उपयोगी पडतात. ‘ब्लेंडर’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमिती दृश्य रेंडर करताना काम दोघांत वाटता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोठे मॉडेल घरच्या कॉम्प्युटरवर चालवायचे असेल, तर त्याचे थर दोन कार्डांच्या मेमरीत विभागून ठेवता येतात. तिथे मेमरीची बेरीज खरोखर होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन आणि रोबोट यांवर आधारलेल्या डिजिटल शेतीचा प्रकल्प राबवला गेला आहे. ड्रोनने टिपलेली हजारो छायाचित्रे तपासून पिकावरचा रोग ओळखणे हे वाटून करता येण्याजोगे काम. पण अशा अभ्यासासाठीही विद्यार्थ्याने लगेच दुसरे कार्ड घ्यावे असे नाही. केंद्राच्या ‘इंडिया एआय मिशन’मध्ये ३८ हजारांहून अधिक जीपीयू उपलब्ध करण्यात आले असून सवलतीचा दर सरासरी तासाला ६५ रुपयांच्या आसपास आहे. शिकण्यापुरते काम गुगलच्या ‘कोलॅब’वर मोफतही होते.

परभणीचा मे महिना

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र जर्मनीचा हिशेब परभणीला लागू पडत नाही. इंटरनेटवरच्या चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत केलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळीही तापलेली असते.

कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानाच्या वर मोजायचे असते. खोली २५ अंशांवर असताना कार्ड ७० अंशांवर स्थिर राहत असेल, तर फरक ४५ अंशांचा. खोली ४० अंशांवर गेली आणि कार्डाच्या पंख्यांचा वेग तोच राहिला, तर कार्ड ८५च्या घरात जाईल. बहुतेक कार्डे साधारण ८३ ते ९० अंशांच्या टप्प्यात स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू लागतात. म्हणजे पैसे दिलेल्या वेगातला काही भाग उन्हाळ्यात हाती लागतच नाही. दोन कार्डे एकाखाली एक बसवली, तर वरचे कार्ड खालच्याची गरम हवा ओढते, आणि दोघांपैकी जे आधी थकते त्याच्या चालीने जोडी चालते.

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरते. एका मध्यम कार्डाचा कॉम्प्युटर गेम चालू असताना ३०० ते ३५० वॅट घेतो असे धरू. दोन कार्डांची जोडी सहज २०० वॅट वाढवते. साडेपाचशे वॅटच्या कॉम्प्युटरवर चार तास खेळले, तर खोलीत २.२ युनिट उष्णता सोडली गेली. हजार वॅटचा हीटर दोन तासांहून अधिक वेळ लावून ठेवावा तसे हे झाले, तेही मे महिन्यात.

वीज, इन्व्हर्टर आणि मीटर

वाढीव २०० वॅट, रोज चार तास, महिन्याचे ३० दिवस: हे होतात २४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले, तर महिन्याला २४० आणि वर्षाला २,८८० रुपये. हा फक्त दुसऱ्या कार्डाचा खर्च. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे असतात. कूलर आणि फ्रीजमुळे उन्हाळ्यात आधीच टप्प्याच्या काठावर असलेल्या घराला पुढचे युनिट महागात पडते.

बॅकअपचाही विचार हवा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. एका कार्डाचा कॉम्प्युटर त्यावर कसाबसा तगेल, दोन कार्डांचा गेम चालू असताना वीज गेली तर यूपीएसही बसेल. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या भागात स्वस्त एसएमपीएसवर दोन कार्डांचा भार टाकणे म्हणजे बाकीचे सगळे भाग धोक्यात घालणे. अर्थिंग नीट आहे का, हे तर कार्ड घेण्याआधी वायरमनकडून तपासून घ्यावे.

तांत्रिक प्रगती नेमकी याच्या उलट दिशेने झाली आहे. २०१६च्या १०७० कार्डाला १५० वॅट लागत, म्हणजे जोडीला ३००. २०२३मध्ये आलेले ४०६० हे एकटे कार्ड ११५ वॅटमध्ये एका १०७०पेक्षा बरेच जास्त काम करते. दोन चित्रांच्या मध्ये आणखी चित्रे सॉफ्टवेअरने तयार करण्याची सोयही आता आहे. दुसरे कार्ड ज्यासाठी लावत, त्यातले काही काम आता चिपच्या आतच होते. दुसरीकडे, १०७०च्या पिढीला नव्या गेमसाठीच्या सुधारणा देणे कंपनीने २०२५च्या अखेरीस थांबवले. आता फक्त सुरक्षेपुरत्या सुधारणा मिळतील. जुने कार्ड स्वस्त का मिळते, याचे उत्तर इथे आहे. २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ‘मायनिंग’ कार्डांवर करणे बंद झाल्यावर दिवसरात्र राबलेली अनेक कार्डेही जुन्या बाजारात आली होती, हेही लक्षात असावे.

खेळणाऱ्याचे शरीर

हवा ३५ अंशांच्या वर गेली की ती आपल्या त्वचेपेक्षा गरम असते. तेव्हा पंखा हवेने थंड करत नाही, तो फक्त घाम वाळवायला मदत करतो. त्यामुळे घाम येण्याइतके पाणी पोटात असणे महत्त्वाचे. खेळात गुंगलेल्या मुलांना तहान जाणवत नाही. डोके दुखणे, चिडचिड, पायात गोळे येणे ही लक्षणे ‘गेममुळे’ म्हणून सोडून देऊ नयेत, ती उष्म्याचीही असू शकतात.

दुसरा परिणाम झोपेवर. झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. अनेक घरांत कॉम्प्युटर आणि पलंग एकाच खोलीत असतात. रात्री बारापर्यंत तापवलेल्या खोलीत झोप उशिरा लागते आणि पुन्हा पुन्हा मोडते.

खेळणे हाच आजार, असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आजारांच्या नव्या वर्गीकरणात केला आणि ते जानेवारी २०२२पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळच महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे साधारण वर्षभर चालले तरच हे निदान करतात. तशी शंका आली, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. केंद्राच्या २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली आहे ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सना त्यात मान्यताच दिली आहे. तेव्हा मुलगा काय खेळतो, हे पालकांनी जवळ बसून पाहावे.

मग पैसे कुठे घालावेत?

समजा दुसऱ्या कार्डासाठी ३० हजार रुपये बाजूला काढले आहेत. २०२५-२६च्या हमीभावाने सोयाबीन क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे साडेपाच क्विंटलहून अधिक सोयाबीन. २०२५च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने ज्यांच्या शेतात पाणी साचले, त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

गेमसाठी एकच कार्ड घ्यावे, तेही आपल्या पडद्याला पुरेल एवढेच. फुल एचडी पडदा असेल तर सर्वांत महाग कार्डाचा वेग वाया जातो. कार्ड निवडताना वेगाबरोबर त्याचे वॅटही विचारावेत. २०२५च्या ५०९० या कार्डाला एकट्याला ५७५ वॅट लागतात, आणि ते परभणीतल्या घरगुती खोलीसाठी नाही. पुढचा खर्च चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसवर, जाळीदार आणि पुरेसे पंखे असलेल्या कॅबिनेटवर आणि पुरेशा क्षमतेच्या यूपीएसवर करावा. उरले तर चांगला पडदा आणि पाठीला आधार देणारी खुर्ची घ्यावी.

घरात जुने कार्ड असेल, तर दुसरे आणण्याआधी त्याची धूळ साफ करून पाहावी. धुळीने कोंदलेला पंखा बदलला की तापमान उतरते आणि हरवलेला वेग परत मिळतो. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. कूलरने खोली गार करावी, पण त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. गेममध्ये चित्रांचा वेग सेकंदाला ६०वर बांधून ठेवण्याची सोय असते, ती वापरली की वीज आणि उष्मा दोन्ही कमी होतात. दुपारी बारा ते चार कॉम्प्युटरला आणि मुलांनाही विश्रांती द्यावी.

कार्ड कोणते घ्यायचे हे उन्हाळ्याआधी ठरवले असेल, तर विकत घेताना दुकानदाराला एक गोष्ट करायला सांगावी: अर्धा तास गेम चालवून तापमान दाखवावे आणि त्या वेळी खोलीत किती अंश आहेत, तेही लिहून घ्यावे. दोन आकड्यांतला फरक मेच्या ४२ अंशांत मिळवला की आपल्या खोलीत ते कार्ड टिकेल की नाही, याचा बराचसा अंदाज तिथल्या तिथे येतो.